इच्छामरणाबद्दल सरांचं मत

मी नोकरी मागायला गेले तेव्हा सरांनी मला चहा विचारला तो असा : "चहा घेण्याविषयी तुमची अभिवृत्ती काय? पूर्ण अनुकूल, अनुकूल, तटस्थ, प्रतिकूल की पूर्ण प्रतिकूल?"

मला वाटलं मुलाखत सुरू झाली. मी जरा विचार करून "अनुकूल" म्हणाले. सरांनी खिडकीतून खाली ओरडून दोन चहा सांगितले आणि समोरच्या कागदावर काहीतरी टिपून घेतलं. पुढे साडेतीन वर्षं मी त्यांच्याकडे काम केलं. त्या कागदावर काय टिपलं होतं, ते काही मला कळलं नाही.

सर मुंबईच्या एका कॉलेजात तीसेक वर्षं मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. बायको वारल्यावर तिथली जागा विकून त्यांनी कर्जतला दोन खोल्यांचं घर घेतलं. पण नुसतं घरात बसवेना, म्हणून खोपोलीत शिळफाट्याला, एका टायरच्या दुकानाच्या वर समुपदेशन केंद्र काढलं. मी साजगावची, नुकतीच मानसशास्त्रात एम. ए. झालेली. सरांनी मला "सहकारी" हे पद दिलं. म्हणजे केर काढणं, नोंदी ठेवणं आणि खालच्या टायरवाल्याशी भांडणं. टायरवाला आपल्या गिऱ्हाइकांना आमच्याविषयी सांगायचा, "आमी खाली हवा भरतो, ते वर काढतात."

सर रोज कर्जतहून स्कूटरवर यायचे. आल्यावर दहा मिनिटं डोक्यावरचं हेल्मेट काढायचे नाहीत. "प्रवासी या भूमिकेतून समुपदेशक या भूमिकेत यायला मनाला वेळ लागतो," असं त्यांचं म्हणणं. एकदा एक बाई त्या दहा मिनिटांत आली. हेल्मेट घातलेल्या माणसासमोर बसून ती नवऱ्याबद्दल घडाघडा बोलली, आणि सरांनी हेल्मेट काढल्याबरोबर गप्प झाली. सरांनी यावर एक टिपणही लिहिलं होतं.

अशिलाबरोबर, म्हणजे सल्ल्यासाठी आलेल्या माणसाबरोबर, शांत बसणं हे उपचाराचं मोठं साधन आहे, असं ते मानत. ही शांतता मोजायला त्यांनी स्वयंपाकघरातलं घंटी वाजणारं घड्याळ आणून ठेवलं होतं. तीन मिनिटांची शांतता. एका कारखान्याचा सुपरवायझर पहिल्याच भेटीत ती घंटी ऐकून शिफ्ट सुटल्यासारखा उठला आणि निघून गेला. तो परत आला नाही. सरांनी नोंदवहीत लिहिलं : "अशील स्वावलंबी झाले."

पण सरांची खरी ख्याती त्यांच्या तटस्थपणाची. त्यांना कशाबद्दलही मत नसे. निवडणूक, क्रिकेट, आमटीतलं मीठ, पंखा दोनवर हवा की तीनवर, कशालाच नाही. "समुपदेशकाने मत दिलं की अशिलाचं मत मरतं," असं ते म्हणत. कोणी फारच खनपटीला बसलं, तर त्या गोष्टीचे तीन पर्याय आणि प्रत्येकाचे फायदे-तोटे सांगून ते मोकळे होत. एक नवरा-बायको घटस्फोटापर्यंत आलेले. "सर, कोण चुकतंय तेवढं सांगा." सरांनी अर्धा तास दोघांचे फायदे-तोटे सांगितले. शेवटी नवरा बायकोला म्हणाला, "चल गं, या मानसाला काय कळत नाय." ती म्हणाली, "मी तर आधीच बोलली हुती." दोघं एकमतानं जिना उतरली. नोंदवहीत : "यशस्वी."

अशा माणसाने संशोधनासाठी विषय कोणता घ्यावा? तर 'मानसशास्त्रज्ञांच्या इच्छामरणविषयक अभिवृत्ती'. असाध्य आजारी माणसाने मरायला मदत मागितली, किंवा 'मला यंत्रावर ठेवू नका' म्हटलं, तर मन जाणणाऱ्या माणसांना काय वाटतं? चाळीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकटी. मी एकदा विचारलं, "सर, हाच विषय का?" म्हणाले, "बाकीच्या विषयांवर काम होऊन गेलंय."

प्रश्नावली सोपी आहे की नाही हे बघायला त्यांनी ती आधी माझ्या आईवर चालवून बघितली. आई कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या करायची. सर आमच्या घरी आले, पाटावर बसले आणि त्यांनी पहिलं विधान वाचलं : "असाध्य आजार असलेल्या सज्ञान व्यक्तीला जीवनाचा शेवट करण्यासाठी डॉक्टरांची मदत मागण्याचा अधिकार असावा."

आईनं विचारलं, "कोन आजारी हाय?"

"कोणी नाही. सर्वसाधारण."

आई माझ्याकडे वळली. "सर्वसाधारण कोन मरतं गं?" मग सरांना म्हणाली, "पोरं बघतात का त्याला? लई दुखतंय का? घरी हाय का दवाखान्यात?"

"प्रश्नाबाहेरची माहिती मागता येणार नाही," सर म्हणाले.

"मग मी कसं काय सांगू?"

सरांनी कोपऱ्यात लिहिलं : "प्रतिसादक अपात्र." त्या अपात्र बाईनं वाढलेल्या तीन भाकऱ्या मात्र त्यांनी खाल्ल्या. भाकरीबद्दल अभिवृत्ती सांगितली नाही.

पात्र माणसं गोळा करण्यासाठी सरांनी कर्जतच्या एका रिसॉर्टवर एक दिवसाचं चर्चासत्र घेतलं. मुंबई-पुण्याहून मानसशास्त्रज्ञ आले. सुट्टीचा दिवस, स्विमिंग पूल आणि जेवणात तांदळाची भाकरी, यामुळे विषय कठीण असूनही उपस्थिती चांगली होती. शेजारच्या लॉनवर कोणाची तरी हळद होती, त्यामुळे मृत्यूवरची सगळी भाषणं ढोलाच्या तालावर झाली.

सकाळच्या सत्रात सगळे स्वायत्ततेच्या बाजूचे होते. माणसाचं आयुष्य, माणसाचा निर्णय. एक पुण्याच्या बाई तर म्हणाल्या, की आपल्याकडे माणसाला जगू देत नाहीत आणि मरूही देत नाहीत. टाळ्या पडल्या. जेवणानंतर सरांनी विचारलं, "समजा, उद्या असा माणूस तुमच्याच समोरच्या खुर्चीत येऊन बसला, तर?"

सगळे ताक पिऊ लागले.

पुण्याच्या बाई म्हणाल्या, "मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवीन. औषधांची बाजू असते ना."

शेवटच्या रांगेत एक मानसोपचारतज्ज्ञ बसले होते. ते दचकून म्हणाले, "मी तर अशी माणसं मानसशास्त्रज्ञांकडे पाठवतो. बोलायची बाजू असते ना."

मग असं ठरलं, की अशा माणसाला आधी इकडे, मग तिकडे पाठवावं, आणि यावर एक समिती असावी. संध्याकाळी मी भरलेल्या प्रश्नावल्या चाळल्या. तत्त्वाच्या विधानांपुढे बहुतेकांनी 'पूर्ण सहमत'वर खूण केली होती. 'माझ्या अशिलाने मागणी केल्यास' आणि 'माझ्या कुटुंबात असा प्रसंग आल्यास' यांच्यापुढे 'सांगता येत नाही'. एकानं तर समासात लिहिलं होतं, 'आई आजारी आहे, कृपया हा प्रश्न गाळावा.' सरांनी ती प्रश्नावली बराच वेळ हातात धरली होती. मग म्हणाले, "ही बाद करा."

त्यानंतर महिन्याभरात आबा आले.

आबा म्हणजे चौकच्या बाजूच्या एका गावचे भातशेती करणारे म्हातारे. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले ग्रामसेवक अजून तिथेच आहेत. उमेदीची वर्षं आबांनी शेती सांभाळून भट्टीच्या कारखान्यात काढली होती आणि त्या धुरानं त्यांची फुप्फुसं कामातून गेली होती. आदल्या वर्षी ते अकरा दिवस दवाखान्यात घशात नळी घालून होते. त्यांचा मोठा मुलगा त्यांना गाडीत घालून आमच्याकडे घेऊन आला. जिना बघून आबा म्हणाले, "वर जायाचं तर मानूस वरच जाईल." म्हणून सरच खाली उतरले. टायरच्या दुकानात एका टायरवर आबा, एकावर सर आणि मध्ये मी वही घेऊन.

मुलानं आपलं काम सांगितलं. "सर, आबा म्हनतात, पुढच्या टायमाला मला दवाखान्यात नेऊन नळी घालायची नाय. तसा कागद करायचा म्हनतात. यांना डिप्रेशन हाय असं लिहून द्या, म्हंजे तो कागद चालनार नाय."

"मला डिप्रेशन नाय," आबा म्हणाले. "मला दमा हाय."

सरांनी चाचणी काढली. गेल्या दोन आठवड्यांत झोप? बरी. भूक? बरी, सून बोंबलाचं कालवण चांगलं करते. निरर्थक वाटतं का? "म्हंजे?" कशात मन लागत नाही असं होतं का? "शेजाऱ्याशी बांधावरनं भांडतो की. त्यात मन लागतं."

सरांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्हाला मरायचं का आहे?"

"मरायचं कोन बोलतंय? मी नळी नको म्हनतोय. अकरा दिवस बोलता येत नव्हतं. हात बांधलेले. पोरगा काचंपल्याड उभा राहून रडायचा, त्याला 'रडू नको रं' बोलायचं तरी कसं? तसं परत नको. घरी दम लागून जाईन तो जाईन."

मुलगा एकदम चिडला. "तुमी बोलून मोकळे. आमच्या जमिनीला भाव आलाय सर. अशा टायमाला बापानं मरायचा कागद केला तर गाव काय बोलंल? पोरानं करून घेतला, असंच ना?" बोलता बोलता त्याचे डोळे भरले. तो उठून गाडीपाशी गेला.

माझ्या लक्षात आलं, की प्रश्नावलीतला माणूस खरंच समोर येऊन बसला आहे, तोही टायरवर. मी सरांकडे पाहिलं. सरांनी सुरुवात केली, "यात तीन पर्याय आहेत..." आणि फायदे-तोटे सांगितले. कायदा समजावला. मरायला मदत करणं आपल्याकडे गुन्हा आहे, पण पुढे शुद्ध गेली तर कोणते उपचार नकोत, ते आधी लिहून ठेवता येतं, वगैरे. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमचं काय मत?"

"मी तटस्थ आहे."

"म्हंजे?"

"म्हणजे मला मत नाही."

"एवडं शिकून?" आबांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "तुमच्या घरात कोन गेलं असंल की."

टायरवाला एका ट्रकचं चाक उतरवत होता. बराच वेळ फक्त त्याच्या पान्याचा आवाज येत होता. ती शांतता तीन मिनिटांपेक्षा मोठी असावी.

मग सर म्हणाले, "पत्नी गेली. एकोणीस दिवस यंत्रावर होती. डॉक्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, आता काही आशा नाही, तुम्हीच सांगा काय करायचं. मी..." ते थांबले. "मी त्यांना तीन पर्याय सांगितले. फायदे-तोटे सांगितले. ते म्हणाले, हे आम्हाला माहीत आहे, तुम्ही एक सांगा. मला सांगता येईना. मी कँटीनमध्ये जाऊन बसलो. तिच्या बहिणीनं सही केली. ती अजून माझ्याशी बोलत नाही."

मला वाटलं, आबा आता काहीतरी शहाणपणाचं बोलतील. त्यांनी फक्त विचारलं, "नाव काय हुतं त्यांचं?"

सरांनी नाव सांगितलं. मी ते तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सरांनी डिप्रेशनचं पत्र दिलं नाही. उलट कागद करायला मदत केली. मुलगा सही करायला तयार होईना, म्हणून साक्षीदार झाले मी आणि टायरवाला. आपल्याला बोलता येईनासं झालं तर आपल्या वतीनं कोण बोलणार, या जागी आबांनी सुनेचं नाव घालायला सांगितलं. "पोरगा हळवा हाय. ती खमकी हाय." खालापूरला जाऊन नोटरी करून घेतली. नियमाप्रमाणे एक प्रत ग्रामपंचायतीत द्यायची होती. ती घेऊन मी, सर आणि आबांची सून असे गेलो.

ग्रामसेवकांनी कागद उलटसुलट केला. "मयताची नोंद का?"

"नाही. मृत्यूच्या आधीचं आहे," सर म्हणाले.

"आधीची नोंद होत नाही. मयताचं आधार कार्ड आणलंय?"

सून म्हणाली, "आवो मयत नाय झाले ते. आता चहा पाजून आली त्यांना."

"मग घाई कसली?"

सरांनी न्यायालयाच्या आदेशाची छापील प्रत पुढे केली. असे कागद सांभाळायला पंचायतीनं एक अधिकारी नेमायचा असतो, हे बोट ठेवून दाखवलं. ग्रामसेवक म्हणाले, "याचं रजिस्टर आलेलं नाही." सर म्हणाले, "तुम्ही सुरू करा." ग्रामसेवक म्हणाले, "वरून आल्याशिवाय नाही." यावर सरांनी तीन पर्याय सांगितले. चौथ्या फेरीला ग्रामसेवक थकले, कागदावर आवकचा शिक्का मारला आणि तो 'संकीर्ण' लिहिलेल्या फायलीत घातला. त्याच फायलीत वर भटक्या कुत्र्यांची तक्रार होती. आम्ही बाहेर पडलो, तर ते मागे मागे पायरीपर्यंत आले आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, माझ्या आईचा असा कागद करायचा असेल तर खालापूरला किती वाजता जावं?"

पावसाळा संपता संपता एका सोमवारी सकाळी सुनेचा फोन आला. आबांना जास्त झालं होतं. मुलानं कोणाला न विचारता त्यांना गाडीत घातलं आणि पनवेलकडच्या एका दवाखान्यात नेलं होतं.

सरांनी कागदाची प्रत घेतली. मी स्कूटरवर मागे बसले. एरवी तीसच्या वर न जाणारे सर त्या दिवशी जुन्या हायवेवर लोधिवलीपाशी एका डंपरला ओलांडून गेले. दवाखान्यात ते हेल्मेटसकट आत शिरले. अतिदक्षता विभागाच्या दाराशी एक तरुण डॉक्टरीण उभी होती, बाजूला मुलगा भिंतीला टेकून. सर मोठ्यानं म्हणाले, "नळी घालायची नाही! त्यांनी लिहून दिलंय. हा त्यांचा अधिकार आहे आणि मी... मी त्याच्या बाजूनं आहे. पूर्ण बाजूनं. हे माझं मत आहे!"

सगळा व्हरांडा बघायला लागला. मी तर बघतच राहिले. 'माझं मत' हे शब्द सरांच्या तोंडून ऐकायची सवयच नव्हती.

डॉक्टरीण थकलेल्या आवाजात म्हणाली, "काका, पेशंट शुद्धीवर आहेत. शुद्धीवर असताना कागदाला नाही, माणसाला विचारायचं. या, तुम्हीच विचारा. आणि ते हेल्मेट काढा."

आबांच्या तोंडावर मास्क होता. सरांना पाहून त्यांनी तो जरा बाजूला केला आणि धापा टाकत म्हणाले, "सर, गुरवारी मोजणी हाय."

"कसली?"

"जमिनीची. बांधाची. चाळीस वर्सं शेजारी दगड पुढं ढकलतोय. आता मोजणीवाले येनार. मला तिथं उभं राहायचंय. गुरवारपर्यंत काय लावायचं ते लावा. नळी घातली तरी चालंल."

सरांनी कागद उघडला. "पण आबा, तुम्ही इथे लिहिलंय, कोणत्याही परिस्थितीत..."

"लिवलं तवा मोजणीची तारीख कुटं आलेली?"

सर बाहेर येऊन बाकावर बसले. त्यांच्या प्रश्नावलीत पाच चौकटी होत्या, 'गुरुवारपर्यंत' अशी एकही नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक बाजू घेतली होती, आणि दोन मिनिटांत त्या बाजूचा माणूस पलीकडे निघून गेला होता. मला वाटलं, सर कोसळतील. ते बाकावर बसून हसत होते. आधी गालात, मग खांदे हलेपर्यंत. मुलगा आधी रागानं बघत राहिला. मग तोही हसला आणि सरांच्या शेजारी येऊन बसला.

नळी लागली नाही. मास्कवर भागलं. बुधवारी आबा घरी आले आणि गुरुवारी मोजणीवाले आले नाहीत. पुढच्या गुरुवारी पाऊस. त्याच्या पुढच्या तारखेला त्यांचं यंत्र बिघडलेलं. असे तीन महिने गेले, आणि त्या तारखांच्या भरवशावर आबा टिकले. "सरकारनं जगवलं मला," असं ते येईल त्याला सांगायचे.

या तीन महिन्यांत सर दर मंगळवारी दुपारी आबांकडे जायचे. आम्ही नोंदवहीत त्याला 'पाठपुरावा' म्हणत असू, पण तो पाठपुरावा नव्हता. ओटीवर आबांची खाट, शेजारी ऑक्सिजनचं मशीन आणि बाजूला खुर्चीत सर. आबा त्यांना गावातली भांडणं सांगायचे आणि प्रत्येक भांडणाच्या शेवटी विचारायचे, "आता बोला, कोन चुकलं?" सर पहिले काही मंगळवार तीन पर्याय सांगत राहिले. हळूहळू दोनवर आले. एका मंगळवारी मी ओटीच्या पायरीवर बसले होते, तेव्हा सर स्पष्ट म्हणाले, "यात तुमची चूक आहे, आबा." आबा इतके खूश झाले, की त्यांनी सुनेला हाक मारून हे तिला परत ऐकवायला लावलं.

मोजणी झाली. आबांना खुर्चीत घालून, शेजारी सिलिंडर ठेवून शेतात नेलं. मोजणीवाल्यानं नकाशा पाहिला, फिरून पाहिला आणि सांगितलं, की दगड दोन हात चुकीच्या जागी आहे खरा, पण तो शेजाऱ्याच्या जमिनीत आहे. म्हणजे पुढं सरकले होते ते आबा.

मुलानं डोक्याला हात लावला. आबांना हसता हसता असा दम लागला, की सिलिंडरचा नळ वाढवावा लागला. आपल्यासमोरच त्यांनी दगड मागे घ्यायला लावला. मंगळवारी सरांना म्हणाले, "चाळीस वर्सं माझं मत पक्कं हुतं बगा. तुमचं तेच बरं." सर म्हणाले, "नाही हो. माझं काही बरं नव्हतं."

माघ महिन्यात आबांचा दमा पुन्हा बळावला. गावचे डॉक्टर घरी आले. तपासून त्यांनी मुलाला बाजूला घेतलं. मुलगा परत आत गेला, खाटेपाशी वाकला आणि विचारलं, "आबा, नेऊ का?"

आबांनी डोळे उघडले. "नको रं."

मला वाटलं आता वाद होईल. मुलानं खिशातून गाडीची किल्ली काढली, बायकोच्या हातात दिली आणि वडिलांच्या उशाशी मांडी घालून बसला. त्रास कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी औषध दिलं. दोन दिवस घर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी भरलेलं होतं. आबा मध्येच जागे व्हायचे, कोण आलंय ते बघायचे, सुनेच्या हातून चमचाभर पाणी घ्यायचे. मुलाचा हात त्यांनी धरून ठेवला होता आणि एकदा तर त्याला म्हणाले, "रडू नको रं." ते त्यांना या वेळी बोलता आलं.

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास ते गेले.

सर ओटीवर होते. सून दाराशी येऊन म्हणाली, "सर, गेले आबा." सर उठून उभे राहिले. अशा वेळी काय बोलायचं, हे त्यांनी तीस वर्षं शिकवलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "या प्रसंगी तुम्हा सर्वांच्या मनात ज्या भावना..." असं म्हणाले, आणि पुढचं वाक्य आलंच नाही. होते तिथेच जमिनीवर बसून ते मोठ्यानं रडायला लागले. घरातल्या बायका आपलं रडणं थांबवून बघायला बाहेर आल्या. सर आबांचं नाव घेत होते आणि मध्येच बायकोचं. सुनेनं पाण्याचा तांब्या आणला. ज्याचा बाप नुकताच गेला होता तो मुलगा मानसशास्त्रज्ञांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होता, "रडा सर. रडून घ्या. मी हाय ना." मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "यांच्या घरी कोन हाय का गं?"

"नाही," मी म्हणाले.

"मग आज त्यांना एकटं सोडायचं नाय."

ते संशोधन काही पूर्ण झालं नाही. प्रश्नावल्यांचे गठ्ठे केंद्रात पडून राहिले. पुढे सरांनी केंद्र माझ्या हाती दिलं आणि ते पुण्याला मेहुणीच्या घराजवळ राहायला गेले. ती बोलायला लागली की नाही हे मी विचारलं नाही, पण मेहुणीच्या नातवाच्या मुंजीचा फोटो त्यांनी मला पाठवला होता.

आबा गेले त्या दिवशी अंधार पडायच्या आत त्यांना न्यायचं ठरलं. तिरडी उचलली तेव्हा मुलगा मडकं घेऊन पुढे उभा होता. त्यानं मागे वळून गर्दीत पाहिलं आणि हाक मारली, "सर, या. खांदा द्या."

सर पुढे झाले. ते बाकीच्या तिघांपेक्षा चांगले वीतभर उंच होते. त्यांनी खांदा लावल्याबरोबर तिरडी एका अंगाला कलली. "सर, तुमी सोडा, दुसरा कोनी घ्या रं," असं गर्दीतून दोघं-तिघं ओरडले. सर गोंधळून मुलाकडे बघू लागले.

"ऱ्हाऊ दे त्यांना," मुलगा म्हणाला. "तिरकी तर तिरकी."

स्मशान गावाबाहेर, नदीच्या अंगाला होतं. मी फाट्यापर्यंत मागून चालत गेले आणि तिथे थांबले. भाताच्या वाळल्या शेतांतून माणसं लांब जाताना दिसत होती. बाकीच्या तिघांनी वाटेत दोनदा खांदा बदलला. सर गुडघ्यांत थोडे वाकून, तिरडी सरळ ठेवायचा प्रयत्न करत, शेवटपर्यंत चालत राहिले.